पहिलीतली मुलगी शाळेत नेमकं काय शिकते?

पहिलीचं पुस्तक चाळलं की मोठ्या माणसाला हसू येतं. एका पानावर चित्र, खाली दोन-तीन शब्द, शेजारच्या पानावर मोजायला पाच फुगे. वर्षभरात एवढंच? मग दुसऱ्या शाळेशी तुलना होते, ‘त्यांचे तर पाढेसुद्धा झाले’ म्हणून जीव वरखाली होतो आणि घरी एक जादा वही सुरू होते. शाळा फक्त मुलींची असेल तर त्यात आणखी एक शंका मिसळते: इथे काही वेगळं शिकवतात की काय?

अभ्यासक्रमापुरतं बोलायचं तर वेगळं काही नसतं. वाचन, लेखन, गणित, खेळ, चित्रकला सगळीकडे तेच. पण सहा-सात वर्षांची मुलगी अक्षरांबरोबर स्वतःविषयी काही मतंही बनवत असते, आणि ती वर्गात रोज जे घडतं त्यावरून बनतात. त्या मतांकडे पुढे येतोच. आधी अक्षरं, कारण पहिलीचा बहुतेक वेळ तीच खातात.

अक्षर ओळखलं, पण वाचलं कुठे?

बोलणं मूल कानावर पडून पडून उचलतं. वाचन तसं उचलता येत नाही, ते कुणीतरी शिकवावं लागतं. मेंदूत वाचनासाठी जन्मतःच राखून ठेवलेली जागा नाही. फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देआन यांनी मांडलंय की वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा शिकता शिकता अक्षरांच्या कामाला लागतो. यातून पहिलीतली एक नेहमीची गंमत उलगडते. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच. वस्तू ओळखणाऱ्या मेंदूला दिशेशी फारसं देणंघेणं नसतं. अक्षरांना आणि अंकांना मात्र दिशा असते. आपले ३ आणि ६ तर जवळजवळ एकमेकांचे आरशातले भाऊ. पहिलीतल्या मुलीच्या वहीत ‘१, २, ६, ४, ५, ३’ असं दिसलं तर तिला मोजणी येत नाही असं समजू नका. ओळीने म्हणून दाखव म्हटलं की ती बरोबर म्हणते. हात तेवढा उलट्या बाजूने वळतो. या वयात असं उलटं लिहिणं अगदी सर्रास दिसतं आणि बहुतेकींचं सरावाने आपोआप सरळ होतं.

मराठी वाचायला शिकण्यात खरी मेख बाराखडीची आहे. रोमन लिपीत मुळाक्षरं सव्वीस. लहानमोठी धरली तरी बावन्न आकार. आपल्याकडे तीसेक व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास आकृती झाल्या. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ धरून हल्ली चौदाखडी शिकवतात, म्हणजे आणखी भर. अर्थात हे चारशे आकार सुटे पाठ करायचे नसतात. काना लागला की ‘आ’, वेलांटी आली की ‘इ’ किंवा ‘ई’, ही युक्ती एकदा मनात बसली की ‘का’ येणाऱ्या मुलीला ‘मा’ आणि ‘ता’ जवळपास फुकट मिळतात. कुठल्या मुलीला ही युक्ती समजली आणि कोण अजून प्रत्येक अक्षराचं चित्र पाठ करतेय, हे पहिलीच्या बाईंना दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बरोबर कळलेलं असतं.

युक्ती सोपी वाटते, पण तिच्यात खाचा आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. डोळा डावीकडून उजवीकडे जातो, आवाज मात्र उलट क्रमाने. ‘क’ हा नुसता ‘क्’ नसतो, त्याच्या पोटात ‘अ’ असतोच. तो दिसत नाही, काना लागला की गायब होतो. ‘चंद्र’ आणि ‘चाक’ यांतले च वेगळे बोलतात, पण लिहितात एकसारखेच. मोठ्यांना यातलं काही जाणवतही नाही, म्हणून तर ‘एवढं सोपं कसं येत नाही हिला’ हे वाक्य इतक्या सहज तोंडून निघतं.

सगळ्यात अवघड पायरी अजून पुढेच आहे. मुलगी बोट ठेवते आणि म्हणते, ‘क... म... ळ’. तिन्ही अक्षरं बरोबर. ‘मग कोणता शब्द झाला?’ या प्रश्नावर ती तुमच्या तोंडाकडे बघते. तिने उच्चारले ‘क-अ, म-अ, ळ-अ’ असे तीन सुटे आवाज, आणि तिच्या ओळखीचा शब्द आहे ‘कमळ्’, शेवटचा ‘अ’ गिळलेला. सुटे आवाज मनात धरून ठेवायचे, चिकटवायचे, शेवट जरा कापायचा आणि मग हा शब्द आपल्याला माहीत आहे का ते तपासायचं. एवढं सगळं एका दमात झालं पाहिजे. पहिलं अक्षर वाचायला फार वेळ लागला तर तिसऱ्यापर्यंत पोचेतो पहिलं विसरलेलं असतं. म्हणून अक्षरओळख बरोबर असून भागत नाही, ती झटपटही व्हावी लागते. रोज थोडं थोडं वाचून घेण्याला महत्त्व आहे ते यासाठी. रविवारी बसवून दोन तास वाचून घेतल्याने ते साधत नाही.

घरी एक फसगत हमखास होते. पुस्तकात झाडाचं चित्र, खाली ‘झाड’ हा शब्द, मुलगी धडाधड वाचते आणि आजी कौतुकाने सगळ्यांना बोलावते. चित्रावर हात ठेवून तोच शब्द वाचायला सांगा. किंवा ओळखीच्याच अक्षरांचा, पण पुस्तकात नसलेला शब्द लिहून द्या. तो वाचता आला तर तिला वाचता येतंय. नाही आला तर तिची स्मरणशक्ती चांगली आहे, तीही काही वाईट गोष्ट नाही.

आणि याला वेळ लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच, स्वरचिन्हं व्यंजनाला चिकटणारी. त्यात दिसलं की अशा लिपीतली अक्षरं पक्की व्हायला इंग्रजी मुळाक्षरांपेक्षा बराच जास्त काळ लागतो; ते काम पहिलीत संपत नाही, पुढच्या इयत्तांतही चालू राहतं. त्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या शेजारच्या मुलीला सगळी अल्फाबेट्स आली आणि आपलीला अजून उकार गोंधळात टाकतात, ही तुलनाच मुळात गैर आहे. (इंग्रजीचा त्रास वेगळा आणि नंतरचा: अक्षरं लवकर येतात, स्पेलिंग जन्मभर छळतात.)

लिहिण्याचं काय? त्यात हाताचाही प्रश्न आहे. सहाव्या वर्षी मनगटातली आठही हाडं अजून पूर्ण तयार झालेली नसतात, बोटांची ताकद बेताची असते. चार ओळी लिहून हात दुखतो म्हणाली तर तो नेहमीच बहाणा नसतो. माती, कात्री, मणी ओवणं हे सगळं लेखनाचीच तयारी करतं. दहा वेळा ‘क’ गिरवण्यापेक्षा तीन वेळा नीट लिहिलेला ‘क’ बरा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पानं भरण्याच्या गृहपाठाविषयी मला काडीचाही आदर नाही.

शंभरपर्यंत येतं म्हणजे काय येतं?

पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत आकडे म्हणणं ही एक प्रकारची कविताच आहे. आकडे ओळीने म्हणता येणं वेगळं आणि संख्या समजणं वेगळं. टेबलावर सात बटणं ठेवा आणि मोजायला सांगा. ‘सात’ असं उत्तर आल्यावर ती बटणं जरा पांगवा आणि विचारा, आता किती? काही मुली पुन्हा पहिल्यापासून मोजतात. काही बिनदिक्कत ‘जास्त झाली’ म्हणतात, कारण ओळ लांब झाली. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, हे लहान मुलांना उपजत कळत नाही, असं स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवलं. ही समज साधारण याच वयात पक्की होते. बहुतेकींना पहिलीच्या वर्षात ती येते, आणि त्यासाठी कुणी वेगळा धडा घेतलेला नसतो. मणी, काड्या, खडे हातात खेळवून येते.

मग येतो दशक. दहा काड्या रबरबँडने बांधल्या की तो एक गठ्ठा, म्हणजे दहाही आणि एकही. गणितातली ही पहिली मोठी उडी. ‘४७’ मधला ४ हा चार नसून चाळीस आहे, ही गोष्ट मोठ्यांना इतकी अंगवळणी पडलेली असते की त्यात समजावण्यासारखं काही आहे हेच विसरायला होतं. लहान मुलीला मात्र तोच ४ एकदा चार म्हणून दिसतो आणि एकदा चाळीस म्हणून.

त्यात मराठीची स्वतःची गोची आहे. ‘सत्तेचाळीस’ ऐकताना सात आधी कानावर पडतो, लिहिताना मात्र चार आधी लिहायचा असतो. म्हणून ऐकून लिहिताना ‘७४’ येतं. ‘एकोणपन्नास’ तर कहरच. नावात पन्नास आहे आणि लिहायचा आहे चाळीसातला आकडा. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऐकून अंक लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीच्याच होत्या. म्हणजे चूक मुलीची कमी आणि भाषेची जास्त. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढं वादळ उठलं ते आठवत असेल. जुनी नावं शिकायला हवीतच, ती आपल्या बोलण्यात आहेत. पण सुरुवातीला ‘चार दशक आणि सात’ असं म्हणून गठ्ठे मांडायला लावले तर मराठीचा अपमान होत नाही, आणि मुलीचा गोंधळ कमी होतो.

बेरीज-वजाबाकी पहिलीत लहान संख्यांची असते. बोटं वापरू द्यावीत, ती लाज वाटण्याची गोष्ट नाही. वजाबाकीत ‘आठातून तीन गेले, किती उरले’ हे लवकर जमतं. ‘तुझ्याकडे आठ, तिच्याकडे तीन, तर तुझ्याकडे किती जास्त’ याला मात्र वेळ लागतो, कारण इथे काहीच कमी झालेलं नाही आणि तरी वजा करायचं आहे. गणित एकच, गोष्ट वेगळी. मुलगी अडली तर आकड्यांवर जोर देण्याआधी दोन ओळींत मणी मांडून दाखवा.

बाकीच्या विषयांत घर, शरीर, ऋतू, प्राणी, झाडं येतात, गाणी आणि चित्रं येतात, इंग्रजीचे थोडे शब्द येतात. त्यातलं बरंचसं मुलीला आधीच माहीत असतं. शाळेत ती ते मोठ्याने, पूर्ण वाक्यात, चाळीस जणींसमोर सांगायला शिकते. आपला नंबर येईपर्यंत थांबणं, डबा आपापला उघडणं, शू लागली तर सांगणं, नकोसा स्पर्श झाला तर मोठ्याने ‘नाही’ म्हणणं आणि विश्वासातल्या माणसाला ते कळवणं, हेही पहिलीचंच शिक्षण. प्रगतिपुस्तकात त्याला गुण नसले म्हणून ते दुय्यम ठरत नाही.

वर्गात सगळ्या मुलीच असल्या की

आता त्या मतांविषयी. अमेरिकेत लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई चिंपियन यांनी केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मुलांना एका खूप खूप हुशार माणसाची गोष्ट सांगायची, तो माणूस बाई आहे की पुरुष याचा सुगावा लागू द्यायचा नाही, आणि मग फोटो दाखवून विचारायचं: यातलं कोण असेल? पाच वर्षांच्या मुलींनी बाईकडे बोट दाखवलं, मुलांनी पुरुषाकडे. आपापल्या बाजूने मतदान, दोन्हीकडे सारखंच. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र बाईकडे बोट दाखवणाऱ्या कमी झाल्या. ‘हा खेळ खूप हुशार मुलामुलींसाठी आहे’ म्हटलं की त्याच वयाच्या मुलींचा त्या खेळातला रसही मुलांपेक्षा कमी दिसला. तोच खेळ ‘खूप मेहनती मुलामुलींसाठी’ म्हणून पुढे केला तर असा फरक नव्हता. गंमत म्हणजे शाळेत चांगले गुण कोणाला मिळतात, असं विचारल्यावर या मुली मुलींचंच नाव घेत होत्या. गुण आपले, मेहनत आपली, आणि अक्कल मात्र दुसऱ्याची!

पाच आणि सहा यांच्या मधोमध काहीतरी घडतं, आणि नेमकी पहिली तिथेच येते.

फक्त मुलींच्या वर्गात निदान एक गोष्ट आपोआप होते. वर्गातली सगळ्यात हुशार, सगळ्यात दंगेखोर, सगळ्यात जोरात धावणारी, बाक उचलून सरकवणारी, झाडावर अडकलेला चेंडू काढणारी, बाईंना उलटून प्रश्न विचारणारी, या सगळ्या मुलीच असतात. दुसरं कोणी नसतंच. त्यामुळे ‘मुली अशा असतात’ हे वाक्य वर्गात टिकतच नाही. एक अशी असते, दुसरी तिच्या अगदी उलट. मुलींची शाळा म्हणजे शांत, गोड, नीटनेटकी असा ज्यांचा समज आहे त्यांनी मधल्या सुट्टीत पाच मिनिटं मैदानावर उभं राहून बघावं.

पण यावरून मुलींची शाळा म्हणजे हमखास इलाज, असा निष्कर्ष काढू नका. एरिन पाल्के, जॅनेट हाइड आणि कार्ली ॲलिसन यांनी २०१४ मध्ये १८४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात २१ देशांतले सुमारे १६ लाख विद्यार्थी होते. घरची परिस्थिती, आधीची तयारी वगैरे नीट जुळवून घेतलेल्या अभ्यासांपुरतं पाहिलं तर एकलिंगी आणि मिश्र शाळांतल्या मुलामुलींच्या प्रगतीतला फरक नगण्य निघाला. एखाद्या मुलींच्या शाळेचा निकाल फार चांगला लागत असेल, तर तिथे कोणाला प्रवेश मिळतो आणि शिकवतं कोण, हे आधी विचारावं.

शिकवतं कोण, हा प्रश्न पहिलीत तर फारच मोलाचा. शिकागोच्या सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांचे ११७ विद्यार्थी यांच्यावरचा अभ्यास मांडला. वर्षाच्या सुरुवातीला बाईंची गणिताची भीती आणि मुलांचं गणित यांचा काही संबंध दिसत नव्हता. वर्ष संपताना दिसला, आणि तोही फक्त मुलींमध्ये. बाईंना गणिताची धास्ती जितकी जास्त, तितक्या जास्त मुली ‘गणित मुलांचं, वाचन मुलींचं’ असं मानू लागलेल्या, आणि असं मानणाऱ्या मुलींचं गणित मागे पडलेलं. अभ्यास लहान आहे, पण मुद्दा टाळता येणारा नाही. कुणी वर्गात उभं राहून ‘मुलींना गणित जमत नाही’ असं म्हणालेलं नसणार. वजाबाकीचं पान आलं की आवाज जरा बदलतो, तास जरा लवकर आटोपतो, ‘चला, हे कटकटीचं संपलं’ असं तोंडातून निसटतं. बाईंकडेच बघून शिकणाऱ्या मुलीला तेवढं पुरतं. मुलींच्या शाळेत सगळ्या विद्यार्थिनी मुली आणि बहुतेक शिक्षक बाया. म्हणजे गणित आवडणाऱ्या बाई मिळाल्या तर वर्गाचं भाग्य, आणि भिणाऱ्या मिळाल्या तर अख्खा वर्ग त्या भीतीच्या टप्प्यात. घरी आईने ‘मला पण गणित नाही जमायचं गं’ म्हणणं हेही त्याच जातीचं. प्रेमाने म्हटलेलं असतं, तरीही.

शाळा बघायला गेलात तर फळ्यावरच्या सुविचाराकडे नंतर बघा. पहिलीच्या वर्गात ठोकळे आहेत का, आणि असले तर ते कपाटाच्या वर धूळ खात आहेत की खाली मुलींच्या हाताशी आहेत, ते आधी बघा. आकार मनात फिरवणं, नकाशा समजणं, वस्तू बसवणं ही कौशल्यं सरावाने वाढतात, हे डेव्हिड उटल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांच्या आढाव्यातून दाखवलं. खेळायलाच मिळालं नाही तर सराव कुठून होणार? भिंतीवरच्या चित्रांत डॉक्टर कोण, चालक कोण, स्वयंपाक कोण करतंय, यावरही नजर टाका. आणि वर्गात एखादी मुलगी चुकीचं उत्तर देते तेव्हा बाई काय करतात ते ऐका. ‘असं कसं आलं, सांग बरं’ असं विचारणारी शिक्षिका मिळाली तर बाकी गोष्टींत थोडी तडजोड चालेल.

वर्ष संपताना मुलीला साधारण काय यावं? आधी न पाहिलेली दोन-तीन सोपी वाक्यं, अडखळत का होईना, स्वतः वाचून त्यात काय घडलं ते सांगता यावं. मनातलं एखादं वाक्य लिहिता यावं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर हरकत नाही, जोडाक्षरं कच्ची असली तरी चालतील. वस्तू मोजून, दहाचे गठ्ठे करून शंभराच्या आतली संख्या सांगता यावी, वीसच्या आतली बेरीज-वजाबाकी बोटांनी किंवा मण्यांनी करता यावी. वर्गात वयाचाही फरक असतो: एक नुकतीच सहाची झालेली, दुसरी सातला टेकलेली. त्या वयात दहा महिने म्हणजे फार मोठं अंतर, त्यामुळे दोघींना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही.

दुसरी सुरू होऊन एक-दोन महिने झाले तरी साधी अक्षरं जोडता येत नसतील, तर शिकवणी लावण्याच्या आधी दोन गोष्टी करा. डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं धूसर दिसतंय किंवा एका कानाने कमी ऐकू येतंय हे सहा वर्षांची मुलगी स्वतःहून सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं आणि ऐकू येतं असं तिला वाटतं. आणि बाईंशी बोला, पण ‘किती गुण कमी पडले’ हे विचारू नका. ती नेमकी कुठे थांबते ते विचारा: अक्षर ओळखण्यापाशी, मात्रा लावण्यापाशी, की सुटे आवाज जोडून शब्द करण्यापाशी. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि चांगल्या बाईंना उत्तर बहुधा आधीच माहीत असतं.